तालयंत्र आणि मिडी : प्रमाणीकरणाच्या इतिहासातील एक प्रकरण

१. विषयप्रवेश

नांदेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, मराठी आणि तेलुगू प्रदेशांच्या सीमेलगत, धर्माबाद हे स्थानक आहे. निजामाच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे या नावाने हा मार्ग सुरू झाला तेव्हा तो मीटरमापी होता. म्हणजे त्याच्या दोन रुळांतील अंतर १ मीटर होते. मनमाड येथे त्यास येऊन मिळणारा मुंबईचा मार्ग रुंदमापी, म्हणजे १.६७६ मीटर अंतराचा होता. दोन्ही मार्ग एकाच स्थानकात समोरासमोर येत. तथापि एकावरील डबा दुसऱ्यावर जाऊ शकत नसे. धर्माबादच्या बाजारपेठेतील माल ह्या वाटेने मुंबईस जावयाचा, तर तो मनमाडला उतरवून पुन्हा चढविणे भाग पडे. ही अडचण दूर करण्यासाठी भारतीय रेल्वेने १९९२ मध्ये एकमापी योजना हाती घेतली आणि पुढे टप्प्याटप्प्याने हा सर्व मार्ग रुंदमापी झाला.

प्रमाणीकरणाचे असे प्रसंग तंत्रविद्येच्या इतिहासात वारंवार येतात. भिन्न मापांची साधने प्रथम आपापल्या क्षेत्रात वाढतात. त्यांचा परस्परांशी संबंध येऊ लागला की मधल्या हमालीची गरज उत्पन्न होते. आणि ती हमाली असह्य झाली म्हणजे समान मापाचा विचार पुढे येतो. प्रस्तुत लेखात ह्याच क्रमाचे एक उदाहरण संगीताच्या क्षेत्रातून घ्यावयाचे आहे. ते उदाहरण म्हणजे विद्युत् तालयंत्रे, त्यांच्यासाठी १९८३ मध्ये निश्चित झालेली मिडी ही संकेतपद्धती, आणि त्यापूर्वीच्या जुन्या तालयंत्रांस ही पद्धती मागाहून जोडण्याचा उद्योग. मुंबईत १९८२ मध्ये झालेले एक ध्वनिमुद्रण ह्या विवेचनाच्या मध्यभागी आहे.

ह्या विषयाकडे इतिहासाच्या अभ्यासकाने का वळावे, असा प्रश्न उपस्थित होणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, येथे दोन गोष्टी पणास लागलेल्या आहेत. पहिली, लय कोणी सांभाळावयाची, यंत्राने की वादकाने. दुसरी, जुने यंत्र वापरात ठेवण्यासाठी त्यात बदल केला असता त्याचे ऐतिहासिक साधन म्हणून असलेले मूल्य टिकते की नाही. यांपैकी पहिल्या प्रश्नाचे प्रचलित उत्तर प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते, आणि दुसऱ्याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही.

२. तालयंत्रांची पूर्वपीठिका

आघातध्वनी यंत्राकडून ठरावीक कालांतराने उत्पन्न करवून घेण्याचा एक आरंभीचा प्रयत्न म्हणून १९३१ मधील रिदमिकॉन ह्या यंत्राचा उल्लेख करतात. अमेरिकन रचनाकार हेन्री कॉवेल यांच्या कल्पनेवरून लिऑन थेरेमिन यांनी ते तयार केले. व्यापारी दृष्ट्या महत्त्वाचे पाऊल मात्र १९५९ मध्ये पडले. त्या वर्षी वुर्लिट्झर कंपनीचे साइडमन हे यंत्र बाजारात आले. त्यात एक फिरती तबकडी असे; तिच्यावरील संपर्कबिंदू क्रमाने जोडले जात आणि निर्वात नलिकांच्या परिपथांतून ढोल, झांज इत्यादींचे ध्वनी निघत. तबकडीचा वेग वाढविला की लय वाढे. अशा यंत्रात ठेका आणि यंत्ररचना ह्या दोन वस्तू वेगळ्या करता येत नव्हत्या, हे ध्यानात घ्यावयास हवे. तबकडीवरील बिंदूंची मांडणी हाच ठेका होता.

जपानमध्ये ह्या कल्पनेस विशेष चालना मिळाली. केइओ ह्या संस्थेने, जी पुढे कॉर्ग या नावाने प्रसिद्ध झाली, १९६३ मध्ये डोंका-मॅटिक नावाचे यंत्र काढले. ओसाका येथील एस टोन कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी १९६० च्या दशकात रिदम एस नावाची यंत्रे बनविली. त्यांत फिरत्या तबकडीची जागा ट्रान्झिस्टर आणि डायोडांच्या जाळीने घेतली. एक गणक परिपथ क्रमाने स्पंद मोजी आणि डायोडांची जाळी कोणत्या स्पंदावर कोणता ध्वनी वाजावा हे ठरवी. ठेके कारखान्यातच ठरलेले असत. वॉल्ट्झ, रुंबा, फॉक्सट्रॉट अशा नावांच्या कळांपैकी एक दाबावयाची, एवढेच वादकाच्या हाती राही.

काकेहाशी यांनी १९७२ मध्ये रोलँड कंपनी स्थापन केली. ह्या कंपनीच्या १९७८ मधील सीआर-७८ ह्या यंत्रात मायक्रोप्रोसेसर होता व वापरणाऱ्यास स्वतःचे काही ठेके साठविण्याची सोय होती. १९८० च्या अखेरीस टीआर-८०८ हे यंत्र आले आणि त्यात वापरणाऱ्याने स्वतःच सर्व ठेका मांडावयाचा, ही पद्धती रूढ झाली. यंत्राच्या दर्शनी भागावर १६ कळा ओळीने बसविलेल्या होत्या. प्रत्येक कळ म्हणजे आवर्तनाचा एक अंश. ज्या अंशावर आघात हवा तेथील कळ दाबावयाची. तबकडीवर कोरलेला ठेका अशा रीतीने स्मृतीत लिहिलेला मजकूर झाला.

त्याच सुमारास अमेरिकेत रॉजर लिन यांनी एलएम-१ हे यंत्र काढले. त्यात खऱ्या वाद्यांचे मुद्रित ध्वनी होते आणि त्याची किंमत सुमारे ५,००० डॉलर होती. टीआर-८०८ची किंमत १,१९५ डॉलर होती. त्याचे ध्वनी मुद्रित नव्हते, परिपथांतून निर्माण केलेले होते आणि खऱ्या ढोलाशी त्यांचे साम्य बेताचेच होते. ह्या कारणाने व्यावसायिकांनी त्यास प्रथम फारशी मान्यता दिली नाही. १९८३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. तोवर सुमारे १२,००० यंत्रे तयार झाली होती. जुनी यंत्रे त्यानंतर स्वस्तात विकली गेली, तरुण वादकांच्या हाती पडली, आणि त्यांच्या कृत्रिम ध्वनींभोवतीच हिप-हॉप व टेक्नो ह्या संगीतप्रकारांची घडण झाली. जे यंत्र अनुकरणात अपुरे ठरले, ते स्वतःच अनुकरणाचा विषय झाले.

३. मुंबई, १९८२

ह्या इतिहासातील आपल्याकडील महत्त्वाचे पान चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांच्या नावावर आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदांत वादक म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले होते. १९८२ मध्ये त्यांनी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका तयार केली आणि ती एचएमव्हीने काढली. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग त्यात आहेत. तिच्यासाठी वापरलेली साधने तीन : टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे खर्जातील स्वरांचे यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. तिन्ही रोलँड कंपनीची.

तो काळ डिस्कोच्या लाटेचा होता. ‘कुर्बानी’ हा चित्रपट १९८० चा आणि ‘डिस्को डान्सर’ १९८२ चा, एवढे स्मरले म्हणजे पुरे. अशा काळात निघालेल्या ह्या मुद्रिकेस त्या वेळी विशेष प्रतिसाद लाभला नाही. २०१० मध्ये एका डच प्रकाशकाने ती पुन्हा प्रसिद्ध केल्यावर पाश्चात्त्य श्रोत्यांचे तिच्याकडे लक्ष गेले, कारण तिचे ध्वनिरूप शिकागो येथे काही वर्षांनी उदयास आलेल्या ‘ॲसिड हाउस’ ह्या प्रकाराशी विलक्षण जुळते. ह्या साम्यामुळे सिंग यांस त्या प्रकाराचे जनक म्हणण्याची घाई काहींनी केली. वस्तुतः मुंबईची मुद्रिका शिकागोतील वादकांपर्यंत पोहोचली होती, असा पुरावा आढळत नाही. सारखी यंत्रे सारखी वळणे सुचवितात, हे स्पष्टीकरण येथे पुरेसे आहे. आणि इतिहासाच्या दृष्टीने तेच अधिक बोधप्रदही आहे.

प्रस्तुत विषयाच्या संदर्भात ह्या मुद्रिकेचे महत्त्व निराळे आहे. ती मिडीपूर्व काळाचे साधन आहे. तिन्ही यंत्रे एका लयीत चालविण्यासाठी सिंग यांस कोणत्याही जागतिक प्रमाणाची गरज नव्हती. कारण तिन्ही एकाच कारखान्यातून आलेली होती. टीआर-८०८मध्ये रोलँडने ‘डिन सिंक’ नावाची जोडणी दिलेली होती. तालयंत्र एका तारेवर दर चतुर्थांश स्वरास २४ स्पंद पाठवी, दुसऱ्या तारेवर ‘चालू’ वा ‘बंद’ ही अवस्था कळवी, आणि टीबी-३०३ त्याप्रमाणे चाले. ज्युपिटर-८मधील स्वरक्रम बाहेरून येणाऱ्या स्पंदांवर चालविण्याची सोय होती. आणि टीआर-८०८मधून असे स्पंद बाहेर काढण्याचे मार्गही होते. मीटरमापी मार्गावरील सर्व डबे मीटरमापीच असले म्हणजे मापाचा प्रश्न उद्भवत नाही, तसेच हे होते.

मुद्रिकेच्या नावातच आणखी एक गोष्ट दडलेली आहे. राग घेतले आहेत, ताल मात्र घेतलेला नाही. झपतालाच्या १० मात्रा किंवा रूपकाच्या ७ मात्रा टीआर-८०८वर मांडणे अशक्य होते असे नाही. आवर्तनाचे अंश १६ पेक्षा कमी ठेवण्याची सोय त्यात होती. तथापि यंत्राची स्वाभाविक वाट सोळा समान अंशांची व चार आघातांची होती, आणि डिस्कोची मागणीही तीच होती. रागविस्तारास अनुसरून लय वाढविणे, समेवर येताना किंचित थांबणे, तबलजीने गायकाकडे पाहून ठेका सैल सोडणे, ह्यांपैकी काहीही ह्या मांडणीत संभवत नाही. यंत्राचा स्पंद कोणाचे ऐकत नाही. तो फक्त ऐकवितो.

४. मिडीची निष्पत्ती

निरनिराळ्या कारखान्यांची यंत्रे एकत्र येऊ लागली तेव्हा हमालीचा प्रश्न तीव्र झाला. रोलँडची यंत्रे दर चतुर्थांश स्वरास २४ स्पंद मोजीत, कॉर्गची ४८, तर ओबरहाइमची ९६. स्वरांची उंची विद्युद्दाबाने कळविण्याच्या पद्धतीही भिन्न होत्या. १९८१ मध्ये काकेहाशी यांनी समान पद्धतीची कल्पना अमेरिकेतील उत्पादकांपुढे मांडली. त्याच वर्षी सीक्वेन्शल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी चेट वुड यांच्या साहाय्याने तयार केलेला प्रस्ताव ध्वनी-अभियंत्यांच्या परिषदेत वाचला. जपानी व अमेरिकन उत्पादकांच्या वाटाघाटींनंतर जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात सीक्वेन्शलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन परस्परविरोधी कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखविण्यात आले. ऑगस्ट १९८३ मध्ये मिडीचे पहिले विनिर्देश प्रसिद्ध झाले. ह्या कार्यासाठी काकेहाशी आणि स्मिथ यांस २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पारितोषिक देण्यात आले.

पद्धतीचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मिडीच्या तारेतून ध्वनी वाहत नाही, आज्ञा वाहतात. अमुक स्वर, अमुक जोराने, सुरू करा. तो बंद करा. एवढेच तीत असते. आज्ञा अंकांच्या रूपाने, सेकंदास ३१,२५० अंश ह्या वेगाने, एकामागून एक जातात. एक अंक पाठविण्यास १० अंश लागतात आणि स्वर सुरू करण्याची आज्ञा तीन अंकांची असते. म्हणजे ती पोहोचण्यास सुमारे १ मिलिसेकंद लागतो. आघाताचा जोर ० ते १२७ अशा पायऱ्यांनी मोजला जातो. ह्याशिवाय लयीसाठी स्वतंत्र एक-अंकी आज्ञा आहेत : २४८ ह्या अंकाचा अर्थ एक स्पंद, २५०चा ‘आरंभ’, २५१चा ‘पुढे चालू’ आणि २५२चा ‘थांबा’. दर चतुर्थांश स्वरास स्पंदांची संख्या २४ ठरविण्यात आली. रोलँडची पूर्वीची संख्याही तीच होती, ही गोष्ट ह्या वाटाघाटींतील जपानी पक्षाचे वजन सूचित करते.

ही २४ संख्या निवडण्यात सोय आहे. तिला २, ३, ४, ६, ८ आणि १२ यांनी भाग जातो. त्यामुळे मात्रेचे चतस्र व तिस्र जातीचे विभाग तीत नेमके बसतात. ५ आणि ७ यांनी मात्र भाग जात नाही. खंड वा मिश्र जातीची लयकारी, म्हणजे एका मात्रेत पाच किंवा सात समान आघात, ह्या स्पंदांच्या जाळीवर नेमकी बसू शकत नाही. जागतिक म्हणविणारे प्रमाणही कोणत्या तरी एका संगीतव्यवहारातून जन्मास येते आणि त्या व्यवहाराच्या सवयी आपल्याबरोबर नेते, ह्याचा हा लहानसा पण बोलका पुरावा होय.

५. जुन्या यंत्रास नवे माप

१९८३ मध्येच रोलँडचे टीआर-९०९ हे मिडीयुक्त तालयंत्र आले आणि टीआर-८०८ एका दिवसात जुने झाले. पण वर सांगितल्याप्रमाणे त्याचे ध्वनी लोकांना हवे होते. जुन्या यंत्रांस मिडी जोडण्याचा उद्योग ह्या गरजेतून निर्माण झाला. त्याचे तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार बाह्य रूपांतराचा. मिडीचे स्पंद घेऊन डिन सिंकचे स्पंद देणारी पेटी दोन यंत्रांच्या मध्ये ठेवावयाची. कॉर्गची केएमएस-३० ही अशीच पेटी होती. दोन्ही पद्धतींत स्पंदांची संख्या २४ असल्याने रोलँडच्या यंत्रांपुरते हे काम सोपे होते. कॉर्गच्या जुन्या यंत्रांसाठी संख्या दुप्पट करावी लागे. येथे एक मौज नोंदविण्यासारखी आहे. डिन सिंक आणि मिडी या दोहोंसाठी पाच टोकांची एकाच घडणीची खोबणी वापरली गेली. परंतु पहिलीत स्पंद व अवस्था तिसऱ्या आणि पहिल्या टोकांवर असतात, तर दुसरीत आज्ञा चौथ्या व पाचव्या टोकांवर. तार एकीची दुसरीत सहज बसते आणि काहीच घडत नाही. मनमाडला एकाच स्थानकात उभ्या असलेल्या दोन गाड्यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. ह्या प्रकारात यंत्राच्या अंतर्भागास हात लागत नाही. त्याची मर्यादा अशी की, बाहेरून केवळ लय देता येते. ठेका यंत्राच्याच स्मृतीतून वाजतो.

दुसरा प्रकार अंतर्गत जोडणीचा. टीआर-८०८मध्ये मायक्रोप्रोसेसर प्रत्येक वाद्यासाठी एका तारेवर ‘वाजवा’ अशी सूचना देतो आणि सर्वांसाठी समाईक असा एक स्पंद सोडतो. दोहोंच्या संयोगातून सुमारे १ मिलिसेकंदाचा आघातस्पंद त्या वाद्याच्या परिपथास मिळतो. त्याचा विद्युद्दाब सुमारे ४ ते १४ व्होल्टपर्यंत बदलू शकतो आणि त्यावर आघाताचा जोर अवलंबून असतो. बदल करणारा ह्या तारांवर आपली वेगळी वाट जोडतो. मिडीची तार प्रथम ऑप्टोकपलर ह्या घटकात जाते. तेथे विद्युत्संकेताचे प्रकाशात व प्रकाशाचे पुन्हा विद्युत्संकेतात रूपांतर होते, त्यामुळे दोन यंत्रांचा थेट विद्युत्संबंध येत नाही व गुणगुण टळते. तेथून संकेत एका लहान मायक्रोकंट्रोलरकडे जातो. तो आज्ञा वाचतो, कोणता स्वरांक कोणत्या वाद्याचा हे ठरवितो आणि योग्य दाबाचा स्पंद त्या वाद्याच्या तारेवर सोडतो. नवी व जुनी वाट परस्परांत शिरू नये म्हणून मध्ये डायोड घालतात. १९६० च्या दशकातील रिदम एससारख्या, ठरीव ठेक्यांच्या यंत्रांसही हाच उपाय लागू पडतो : डायोडांची जाळी बाजूस ठेवून प्रत्येक ध्वनिपरिपथाच्या तोंडाशी थेट पोहोचावयाचे.

तिसरा प्रकार मूळ मायक्रोप्रोसेसरच काढून त्या जागी नवा बसविण्याचा. यात सोयी सर्वांत अधिक मिळतात. परंतु मूळ यंत्राचे विचार करण्याचे अंग नाहीसे होते आणि केवळ कंठ उरतो.

६. लयीचा प्रश्न

१९८२ मध्ये ब्रिटनच्या संगीतकार संघाच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर व तालयंत्रांच्या वापरास विरोध करणारा ठराव केला होता. वादकांच्या उपजीविकेची ती चिंता निराधार नव्हती. मुंबईत चित्रपटसंगीताचे मोठे वाद्यवृंद १९९० च्या दशकात ओसरत गेले, त्यामागील अनेक कारणांपैकी अंकीय यंत्रे हे एक प्रमुख कारण होते. ह्या अनुभवातून मिडी म्हणजे संगीताची यांत्रिकता, असे समीकरण रूढ झाले. आर्थिक परिणामांपुरते ते मान्य करण्यास हरकत नाही. लयीच्या बाबतीत मात्र ते तपासून घेतले पाहिजे.

वर वर्णन केलेल्या पहिल्या व दुसऱ्या प्रकारांत मूलभूत भेद आहे. पहिल्यात एक यंत्र दुसऱ्या यंत्राचा स्पंद पाळते. ताठरपणा कायमच राहतो, किंबहुना पसरतो. दुसऱ्यात प्रत्येक आघात बाहेरून येणाऱ्या स्वतंत्र आज्ञेने वाजतो. ती आज्ञा यंत्रानेच दिली पाहिजे असे नाही. ती हाताने देता येते. तसे साधन १९८५ मध्ये आले. रोलँडचा पॅड-८, म्हणजेच ऑक्टापॅड, ह्यात आठ रबरी पट्ट होते आणि स्वतःचा असा एकही ध्वनी नव्हता. काठीने मारलेल्या आघाताचे मिडी-आज्ञेत रूपांतर करणे, एवढेच त्याचे कार्य. पुढील रूपांत ध्वनी अंतर्भूत झाले, आणि १९९८ मधील एसपीडी-२० व २०१० मधील एसपीडी-३० ह्यांनी भारतातील वाद्यवृंदांत जे स्थान मिळविले ते सर्वपरिचित आहे. महाराष्ट्रातील ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्टी यांत ‘ऑक्टोपॅड’ हा आता मराठी शब्दच होऊन बसला आहे. परंतु त्याचे मूळ रूप ध्वनिहीन होते, ही गोष्ट त्याच्या वादकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

असा पट्ट अंतर्गत मिडी जोडलेल्या टीआर-८०८शी जोडला असता काय घडते, ह्याचा विचार करावा. सोळा अंशांची जाळी बाजूस पडते. २४ स्पंदांची जाळीही बाजूस पडते, कारण आघाताची आज्ञा स्पंदांची वाट पाहत नाही. एका मात्रेत पाच आघात घ्यावयाचे असतील तर वादकाचा हात ते घेऊ शकतो. गोंधळात संबळ ज्याप्रमाणे कथेच्या ओघाने चढत जाते, त्याप्रमाणे लय चढविता येते. एरव्ही कोणाचे न ऐकणारे १९८० चे यंत्र वादकाचे ऐकू लागते. म्हणजे ज्या पद्धतीवर यांत्रिकतेचा आरोप केला जातो, तिच्याच योगाने एका ताठर यंत्रास मानवी लयीचे द्वार खुले झाले. प्रमाणीकरण स्वभावतः मुक्त करणारेही नसते आणि बांधणारेही नसते. त्याच्या दोन टोकांशी कोण उभे आहे, ह्यावर ते अवलंबून असते.

ह्या विधानास मर्यादा आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. आघाताच्या आज्ञेत क्षण आणि जोर एवढेच असते. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला गुंजता ध्वनी, चाटेवरील आणि मैदानावरील बोलांतील भेद, बोटाचा दाब, हे सर्व तीत मावत नाही. ध्वनीची उंची सरकविण्याची वेगळी आज्ञा मिडीत आहे. परंतु ती पाळण्याची सोय जुन्या तालयंत्राच्या परिपथांत नाही. बेंगळुरूच्या राडेल कंपनीने १९८० च्या दशकात तालमाला हे विद्युत् तबल्याचे यंत्र काढून निराळा मार्ग धरला : तेथे ठेके आपल्या तालांचेच ठेवले, आणि रियाजाची साथ हे उद्दिष्ट मर्यादित राखले. त्या यंत्राने तबलजीची जागा घेतली नाही, कारण मैफिलीत ती घेण्याचा त्याचा दावाच नव्हता.

७. साधन म्हणून यंत्र

आता दुसरा प्रश्न. ताम्रपटावर मागाहून कोणी अक्षरे कोरली, तर अभ्यासक त्यास दूषित साधन मानतो. मग ज्या टीआर-८०८च्या पाठीस नवे भोक पाडून मिडीची खोबणी बसविली आहे, ते साधन दूषित झाले काय? संग्रहालयाच्या दृष्टीने उत्तर होकारार्थी येईल. परंतु ज्या यंत्रास कोणी हात लावला नाही, ते बहुधा अडगळीत गेले. बॅटरीची गळती, सुकलेले कपॅसिटर आणि गंजलेल्या कळा यांनी ते मुके झाले. उलट, बदल केलेली यंत्रे वापरात राहिली, म्हणून त्यांची देखभाल झाली, म्हणून ती वाजतात. वापर हेच येथे संरक्षण ठरले. शिवाय बदल हाही पुरावाच असतो. १९८० च्या यंत्रात पुढे बसविलेला मिडीचा पट्टा पाहून यंत्रास जुना म्हणून टाकून न देणाऱ्या वादकांची व कारागिरांची एक पिढी आपल्याला दिसते.

तथापि कोणताही बदल चालेल, असा ह्याचा अर्थ नव्हे. तिन्ही प्रकारांची तुलना केली असता एक कसोटी हाती येते. जो बदल काढून टाकला असता यंत्र पूर्वस्थितीस येते, तो पुराव्यास बाधक नाही. बाह्य पेटी ह्या कसोटीस पूर्णपणे उतरते. अंतर्गत जोडणी, मूळ तारा न तोडता व जुन्या खोबणीचाच उपयोग करून केली, तर ती बहुतांशी उतरते. मूळ प्रोसेसर काढून फेकून देणे मात्र उतरत नाही. काढलेला घटक यंत्राबरोबर जपून ठेवला, तरच त्याचे समर्थन होऊ शकते. आणि कोणताही बदल केला तरी कोणी, केव्हा, कोठे व काय जोडले याची नोंद यंत्रासोबत असणे अगत्याचे आहे. पुरातत्त्वाच्या उत्खननात स्तरांची नोंद नसेल तर वस्तू हाती येऊनही इतिहास हातचा जातो, तोच न्याय येथेही लागू आहे.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. तालयंत्रांच्या इतिहासात ठेका प्रथम यंत्ररचनेतून सुटून स्मृतीत आला, आणि मिडीमुळे तो स्मृतीतूनही सुटून बाहेरील हाताच्या स्वाधीन होऊ शकला. चरणजित सिंग यांची १९८२ ची मुद्रिका ह्या दोन टप्प्यांच्या मध्यावरील साधन आहे. जागतिक प्रमाण येण्यापूर्वी एकाच कारखान्याच्या मापावर काय साधता येत होते आणि काय सोडून द्यावे लागत होते, हे तीवरून दिसते. आणि जुन्या यंत्रास नवे माप जोडणे हा केवळ दुरुस्तीचा विषय नसून, साधनांचे जतन कसे करावे ह्या इतिहासशास्त्रीय प्रश्नाचा भाग आहे.

मराठवाड्यातील अभ्यासकांसाठी यातून एक काम सहज पुढे येते. धर्माबाद, नांदेड, लातूर यांसारख्या गावांतील वाद्यवृंद, बँड आणि बँजो पार्ट्यांनी गेल्या काही दशकांत कोणती विद्युत् वाद्ये केव्हा घेतली, ती कोठून आणली, कोणी दुरुस्त केली, संबळ, हलगी व ढोलकी यांचे कोणते बोल ऑक्टोपॅडच्या कोणत्या पट्टावर बसविले, ह्याची माहिती वादकांच्या व दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या स्मरणात असते. ती कागदावर येण्याचे मार्ग फार थोडे आहेत. १९९१ पूर्वीच्या परवानापद्धतीच्या काळात अशी परदेशी वाद्ये इकडे येण्याच्या वाटा अवघड होत्या. त्या वाटांची हकीकत हा स्वतंत्र निबंधाचा विषय होऊ शकेल. मीटरमापी रूळ उखडले गेले तेव्हा मनमाडच्या हमालांची कहाणी लिहून ठेवण्याची निकड फारशी कोणास वाटली नाही. वाद्यांच्या बाबतीत ती सांगणारी माणसे अद्याप आपल्यात आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावापासून हे काम हाती घ्यावे, असे सुचवून हे विवेचन येथे पुरे करतो.